एक्स-रे छान आहे, पण गुडघा दुखतोय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझा उजवा गुडघा बदलून चौदा महिने झाले. हाडावर हाड घासण्याचं जुनं दुखणं गेलं, हे खरं. पण रात्री दीड-दोनला आतल्या बाजूने ठणका सुरू होतो आणि मग पांघरुणाचा काठ लागलेलाही सोसत नाही. टाक्यांच्या बाहेरच्या अंगाला तळव्याएवढी जागा बधिर आहे. हात फिरवला की दुसऱ्याच कुणाचं कातडं वाटतं. (चीर देताना तिथली बारीक नस बहुतेकदा कापली जाते, हे फार उशिरा कळलं. आधी कळतं तर तीन महिने घाबरून काढले नसते.)

तपासणीला गेलं की एक्स-रे बघून ‘सांधा अगदी छान बसलाय’ एवढंच ऐकायला मिळायचं. घरचे म्हणायचे, व्यायाम कमी पडतोय. ओळखीतले कुणी दीड महिन्यात जिने चढू लागले होते. असं सारखं कानावर पडलं की माणूस दुखणं सांगायचंच सोडून देतो. मीही सोडलं होतं.

२०१२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा गुडघा बदललेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला वेदना दीर्घकाळ राहते असं दिसलं. म्हणजे आपण एकटे नाही. ३ महिन्यांनंतरही दुखत असेल तर कारण शोधायलाच हवं. आत दबलेला जंतुसंसर्ग, सैल पडलेला सांधा, वाटीचा त्रास. कधी मूळ कंबरेत किंवा खुब्यात असतं. संसर्ग एक्स-रेत दिसेलच असं नाही, त्यासाठी रक्त आणि सांध्यातलं पाणी तपासावं लागतं. काहीच सापडलं नाही तरी दुखणं खोटं ठरत नाही. नसा हळव्या झालेल्या असू शकतात आणि त्यावर वेगळी औषधं आहेत. कारण कळल्याशिवाय पुन्हा ऑपरेशनची घाई मात्र कुणी करू नये, त्यात गुण येण्याची शक्यता कमी असते.

डॉक्टरांना कळकळीची विनंती आहे. संमतीपत्रावर सही घेताना रक्ताची गुठळी आणि संसर्गाच्या धोक्याबरोबर वेदना राहू शकते, हेही तोंडी सांगा. आणि पुढच्या तपासणीत गुडघा किती वाकतो हे बघण्याआधी रात्री झोप लागते का, ते विचारा. मला हे विचारणारे डॉक्टर तेराव्या महिन्यात भेटले. त्यांनी आधी दोन्ही गुडघ्यांवर तळवा ठेवून ऊब पाहिली, मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, ‘सुरुवातीपासून सांगा.’

– एक वाचक