अक्कलकोट रोडच्या मामांना आणि पोरांना

धाकटी बहीण जाऊन वर्ष झालं. सोलापुरी चादरीसाठी ती आलेख कागदावर चौकटी रंगवून नक्षी काढायची. त्यावरूनच जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उतरवणाऱ्या यंत्राची, पुठ्ठ्याची कार्डं पंच होतात. रविवारी विडी वळणाऱ्या बायकांच्या मुलांना चित्रं शिकवायची, रंग स्वतःच्या पैशाचे.

वर्षश्राद्धाला तिची चित्रं मांडायची म्हणून रिक्षातून नेत होते. अक्कलकोट रोडला वळवाने गाठलं, रिक्षा बंद पडली, खोकं भिजून फाटलं. मला काही सुचेना. शेजारच्या यंत्रमाग शेडमधून तुम्ही धावत आलात. "अक्का, आत या आधी!" नवे कोरे टर्किश टॉवेल उलगडून एकेक कागद मधे ठेवलात. पुसायचं नाही, नुसतं दाबायचं, हे तुम्हीच दाखवलंत. टॉवेल ओला झाला की दुसरा. पाळी संपली तरी पोरं हलली नाहीत. मोरापाशी तुम्ही थांबलात, बोटाने घरं मोजलीत. "हे मागावर बसतंय बघा. डोकं होतं पोरीला."

जलरंगातली काही गेली, बाकी सगळी वाचली. नाव विचारलं तर चहा पुढे केलात! टॉवेल धुऊन ठेवलेत, घेऊन येते; नको म्हणू नका. मोराचा कागदही आणते. चढवाल का मागावर?