त्या चित्रात कुणीच आपल्याकडे बघत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जपानी कॉमिक्सवरचा लेख वाचला, आवडला, माहितीपण बरीच होती, पण शेवटी शेवटी युरी मांगाच्या (मांगा म्हणजे हीच जपानी कॉमिक्स) चित्रसंग्रहांना लेखकाने एका ओळीत गुंडाळून टाकलंय, म्हणजे दोन मुलींची गोडगोड चित्रं, फॅन लोकांनी शोकेसमध्ये मांडायची वस्तू, अशा थाटात. तिथे काही राहवलं नाही, म्हणून हा खटाटोप.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. युरी म्हणजे जपानीत लिलीचं फूल, आणि मांगाच्या जगात बायकाबायकांमधल्या प्रेमाच्या गोष्टी. फुलाला हा अर्थ चिकटला तो १९७६ मध्ये, बाराझोकु नावाचं समलिंगी पुरुषांचं मासिक होतं (बारा म्हणजे गुलाब), त्याचे संपादक इतो बुंगाकु यांनी बायकांच्या पत्रांसाठी एक सदर काढलं आणि त्याला नाव दिलं युरीझोकुची खोली, गुलाबवाल्यांच्या घरात लिलीवाल्यांची एक खोली. म्हणजे अख्ख्या प्रकाराचं नाव आलंय वाचकांच्या पत्रांच्या सदरातून. तुमच्याकडे पत्र लिहिताना मला याची जरा गंमतच वाटतेय.

आता मुद्दा. मांगा असतो काळापांढरा. रंगीत पानं मिळतात ती मासिकात सुरुवातीला चारदोन, ती पण गोष्ट लोकप्रिय असेल तर, आणि नंतर पुस्तक निघतं तेव्हा तीच पानं बऱ्याचदा करड्या रंगात छापून मोकळे होतात. पुस्तकाचा आकार साधारण १२८ बाय १८२ मिलिमीटर, तळहातापेक्षा जरा मोठा. चित्रकाराने आठवडाभर बसून रंगवलेली संध्याकाळ तिथे काड्याच्या पेटीएवढी होऊन जाते. शिवाय जपानात पुस्तकाची दुकानं आपापल्या गिऱ्हाइकांना पुस्तकासोबत वेगवेगळी चित्रकार्डं देतात, एका दुकानात एक चित्र, दुसऱ्यात दुसरं, ती सगळी कुणाकडेच नसतात. हे सगळं एका जागी, मोठ्या आकारात, नीट रंगात बघायला मिळतं ते फक्त चित्रसंग्रहात. ही शोकेसची वस्तू कशी काय होते?

आणि कव्हरची चित्रं तर संग्रहात बघावीतच. मासिकाच्या कव्हरवर वर नाव येणार, बाजूने मजकूर येणार, म्हणून चित्रकार तेवढी जागा मोकळी सोडतो. संग्रहात तो मजकूर नसतो, राहतं काय तर दोघी खाली कोपऱ्यात आणि वर नुसतं आभाळ. सोडलं होतं छपाईच्या सोयीसाठी, पण आता असं वाटतं की त्या दोघींना बोलायला तेवढी जागा हवीच होती.

एक चित्र जवळून सांगते. माझ्याकडच्या एका संग्रहात आहे, शाळेचा जिना, दोघी एकाच पायरीवर बसल्यात, एकीच्या मांडीवर उघडी वही, दुसरी खिडकीकडे बघतेय. काहीच घडत नाही. पण वहीवाली लिहीत नाहीये, पेन्सिलचं टोक कागदाच्या वर अडकलंय, आणि दुसरीच्या स्वेटरची लांब बाही हिच्या मनगटावर जेमतेम टेकलीये, बोट नाही, हात नाही, नुसती बाही. ते एकदा दिसलं की पेन्सिल का थांबली ते कळतं. चांगलं युरी चित्र असं चालतं, आधी काही दिसत नाही आणि मग दुसरं काही दिसतच नाही. यातला जीव असतो हातात, मानेच्या कलात, दोन खांद्यांमधल्या अंतरात, चेहरे नंतर. आणि मी स्वतःपुरती एक कसोटी ठरवलीये, त्या दोघी कुणाकडे बघतायत? एकमेकींकडे, किंवा मुद्दाम दुसरीकडे, तर ते चित्र त्यांचं. दोघी वळून आपल्याकडे बघून हसतायत तर ते जाहिरातीचं. अशी जाहिरातछाप चित्रं पण संग्रहांमध्ये भरपूर असतात हो, मी काही सगळंच डोक्यावर घेऊन नाचत नाही. काहींमध्ये पन्नास मुली आणि चेहरा एकच, फक्त केसांचा रंग बदललाय, तेव्हा लेखकाचं म्हणणं मलाही पटतं.

पण ही सगळी आजची फॅशन आहे असं लेखात वाटत होतं, ते मात्र चूक. जपानी लेखिका योशिया नोबुको यांच्या फुलांच्या नावांच्या कथा मुलींच्या मासिकात यायला लागल्या १९१६ मध्ये, शाळेतल्या मुलींची एकमेकींवरची माया, ओढ, ताटातूट, आणि त्या कथांसोबत चित्रं होतीच. पुढे चित्रकार नाकाहारा जुनइची आले, मोठे पाणीदार डोळे, बारीक मान, कुठेतरी लांब बघणारी मुलगी. मुलींच्या एका मासिकाची कव्हरं ते १९३५ पासून काढत होते, १९४० मध्ये लष्करी सरकारच्या दबावामुळे ती बंद करावी लागली, लढाईच्या दिवसांत असली हळवी पोरगी चालणार नव्हती म्हणे. ते डोळे पुढे शोजो मांगात, म्हणजे मुलींसाठीच्या मांगात, उतरले आणि तिथून युरीत. फक्त युरीला वाहिलेली मासिकं मात्र बरीच उशिरा आली, आज चालू असलेलं कॉमिक युरीहिमे २००५ चं. आता तर शाळेबाहेरच्या, नोकरी करणाऱ्या बायकांच्या गोष्टीही बऱ्याच येतात, तिथली चित्रं मला जास्त आवडतात, ऑफिसातून आलेली एक बूट काढतेय आणि दुसरी वाळलेले कपडे घेऊन दारात उभी, इतकंच. यात गोडगोड काय आहे?

क्वालिटीचं म्हणाल तर निम्मं श्रेय नाहीतर निम्मं पाप छापखान्याचं. आजकाल बहुतेक चित्रं कॉम्प्युटरवर रंगवतात, स्क्रीनवरचा झगमगीत गुलाबी आणि निळा नेहमीच्या चार शायांमध्ये येतच नाही, मळकट होतो, आणि युरीत तर सगळा खेळच गालावरच्या लालीचा आणि सांजवेळच्या जांभळ्याचा. जे प्रकाशक मनावर घेतात ते जास्तीची खास शाई वापरतात, लगेच फरक कळतो. कागदाचं पण तेच, चकचकीत कागदावर रंग उठतो पण दिव्याखाली आपलंच तोंड दिसतं, मॅट कागदावर जलरंग सुंदर दिसतात पण रात्रीची चित्रं मेल्यासारखी होतात. आणि शेवटच्या पानांवर चित्रकाराच्या दोनदोन ओळींच्या टिपा असतील तर घ्यायलाच हवा, हे चित्र कुठल्या अंकासाठी, हिचा हात तीनदा खोडला, वगैरे. मी तर आधी त्याच वाचते.

सगळ्यात वाईट म्हणजे जोडपानाचं चित्र. दोन पानांवर पसरलेलं, मधे बाइंडिंगची दरी, आणि जे महत्त्वाचं ते नेमकं त्या दरीत. माझ्याकडच्या एका जाडजूड संग्रहात दोघी रेल्वे प्लॅटफॉर्मवर उभ्या आहेत, एक डाव्या पानावर, एक उजव्या, आणि मधे त्यांनी हात धरलेत, पण ते दिसतच नाहीत, दोन बाह्या शिवणीत शिरतात आणि संपतात. मी प्रकाशकाला ईमेल केला होता, उत्तर नाही. मग दरवेळी ते पान बघायचं म्हणून पुस्तक जरा जास्तच दाबून उघडायचे, तर मागच्या महिन्यात कण्यातून कटकन आवाज आला आणि डिंक सुटला. आता पुस्तक कुठूनही उघडलं तरी तिथेच उघडतं. हात दिसतात. एकीची करंगळी दुसरीच्या करंगळीत आहे, बाकी बोटं मोकळी.

आपली,
एक नियमित वाचक