सूचना : ग्रीसची सहल, आधी व्हिला मग बोट
मंडळी, जूनमध्ये लेफ्काडा बेटावर एक आठवडा व्हिला आणि दुसरा शिडाच्या बोटीवर, असं ठरतंय. तिथल्या बोटी बहुधा शनिवार ते शनिवारच मिळतात, म्हणून व्हिलाही शनिवारीच सोडायचा. बोट चालवायचा परवाना आपल्यात कुणाकडेच नाही. कप्तान घ्यावा लागेल. त्यालाही झोपायला जागा लागते, माणसं मोजताना विसरू नका! ग्रीसच्या पूर्वेकडच्या एजियन समुद्रात उन्हाळ्यात मेल्तेमी वारा झोडपतो. लेफ्काडा आहे ती पश्चिमेची आयोनियन बाजू त्यामानाने शांत. हिप्परगा तलावापलीकडे पाणी न पाहिलेल्या आपल्याला तीच बरी. ग्रीससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो. परतीनंतर पासपोर्ट किमान ३ महिने चालू हवा, रविवारपर्यंत तपासून कळवा. शेंगाचटणी, कडक भाकरी खुशाल बांधा. तूप, पेढे मात्र युरोपात नेऊ देत नाहीत.