दोन चौकशा बाकी आहेत : हाँगकाँगच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय श्री. जॉन ली,
मुख्य कार्यकारी अधिकारी, हाँगकाँग विशेष प्रशासकीय प्रदेश

स. न. वि. वि.

मी कौलून भागातल्या हुंग हॉमला राहते. लग्नानंतर 2001 साली नाशिकहून इथे आले. मुलगी इथेच जन्मली, इथल्याच शाळेत शिकली. सात वर्षं राहिल्यावर मिळणारा कायमच्या रहिवासाचा हक्क मिळाला, त्यालाही आता बराच काळ लोटला. त्यामुळे पाहुणी म्हणून नव्हे, इथली म्हणूनच लिहिते आहे. मराठीत लिहिते, कारण माझ्यासारखी मराठी माणसं या शहरात आहेत आणि मनातलं त्यांच्यापाशीही बोलायचं आहे.

आमच्या शेजारचं कुटुंब 2021 मध्ये मँचेस्टरला गेलं. जायच्या आदल्या दिवशी शेजारीण बाईंनी नववर्षाला दारात ठेवतात ते छोट्या संत्र्यांचं झाड माझ्या दारात आणून ठेवलं. पाणी किती घालायचं ते दोनदा सांगितलं. का जाताय, असं मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. वीस वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलो आणि शेवटी बोलणं झालं ते झाडाच्या पाण्याचं. ते घर एकटंच नव्हतं. 2022 च्या मध्याला सरकारनेच जाहीर केलं की वर्षभरात लोकसंख्या 1 लाख 20 हजारांहून अधिक घटली.

शहर परत उभं राहावं म्हणून आपल्या सरकारने बरंच केलं, ते मी पाहते. 2023 मध्ये पाहुण्यांसाठी 5 लाख विमान तिकिटं काढली, शिकलेल्या लोकांना बोलावण्यासाठी व्हिसाची नवी योजना आणली, काई टाकला भव्य क्रीडासंकुल उभारलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बाहेरच्यांना या म्हणताना, गेलेले का गेले, हे कुणीतरी नीट बसून विचारायला हवं ना? माझी मागणी तेवढीच आहे. 2019 च्या सरकारविरोधी आंदोलनातल्या अशांततेची आणि त्यानंतरच्या करोनाच्या साथीची, अशा दोन स्वतंत्र चौकशा व्हाव्यात. उघड सुनावणी घेऊन, लोकांच्या साक्षी नोंदवून.

हे मी कुठून बाहेरून आणलेलं नाही, या शहराची रीतच ती होती. स्टार फेरी घ्या. मुंबईकर पारशी दोराबजी नौरोजी मिठाईवाला यांनी 1888 मध्ये ही बोटसेवा सुरू केली. मी आजही कौलूनमधल्या चिम शा चोईहून बंदरापलीकडे हाँगकाँग बेटावर जाताना तिच्याच लाकडी बाकावर बसते. 1966 मध्ये वरच्या वर्गाचं भाडं फक्त 5 सेंटने वाढणार होतं. एक तरुण धक्क्यावर एकटाच उपोषणाला बसला. त्याला अटक झाली आणि कौलूनमध्ये दंगल पेटली. राज्य इंग्रजांचं होतं, लोकांना मत विचारायची त्यांना सवय नव्हती. तरीही त्यांनी चौकशी आयोग नेमला, साक्षी घेतल्या, अहवाल छापला. सरकार आणि सामान्य माणूस यांच्यात दरी पडली आहे, हे त्यातून पुढे आलं. 1967 च्या मोठ्या दंगली त्याने टळल्या नाहीत, हे खरं. पण पुढे 1968 मध्ये वस्तीवस्तीत जिल्हा अधिकारी बसले आणि गाऱ्हाणं न्यायला एक दार झालं.

2003 च्या सार्सच्या साथीची आठवण तर इथल्या प्रत्येक घरात आहे. 299 माणसं गेली. तेव्हाही चौकशा झाल्या, विधान परिषदेच्या समितीने अधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारले, 2004 मध्ये आरोग्य खात्याच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. साथींवर लक्ष ठेवणारं आरोग्य संरक्षण केंद्र त्याच धड्यातून उभं राहिलं.

मग 2019 चं काय? पॉलिटेक्निक विद्यापीठ माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. नोव्हेंबरात पोलिसांनी आंदोलकांना तिथे घेरलं, त्या रात्री खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबूनही अश्रुधुराने डोळे चुरचुरत होते. त्या आंदोलनात दहा हजारांवर लोकांना अटक झाली, त्यात विद्यार्थी खूप होते. पेट्रोल बाँब फेकणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. आपण त्या वेळी सुरक्षा सचिव होता, त्यामुळे पोलिसांवर काय बेतलं ते आपल्याला जवळून ठाऊक आहे. तेही साक्षीत येऊ दे. सगळंच येऊ दे.

त्याच वर्षीच्या 20 ऑक्टोबरची एक गोष्ट सांगते. नेथन रोडवर पोलिसांच्या पाण्याच्या तोफेतून कौलून मशिदीच्या दारावर आणि पायऱ्यांवर निळं पाणी उडालं. जवळच्याच चुंगकिंग मॅन्शन्स या इमारतीतली आपली भारतीय, पाकिस्तानी माणसं त्या दिवशी मोर्चातल्या लोकांना पाण्याच्या बाटल्या वाटत होती. मशीद धुवायला चिनी तरुण धावले. दुसऱ्या दिवशी आपल्या आधीच्या मुख्य कार्यकारी कॅरी लॅम स्वतः मशिदीत गेल्या, माफी मागितली आणि मशिदीच्या लोकांनी ती स्वीकारली. एका दिवसात हे होऊ शकलं.

साथीबद्दल माझे प्रश्न साधे आहेत. 2021 अखेरपर्यंत या शहरात करोनाने 213 मृत्यू झाले होते. जगात क्वचितच कुठल्या शहराने इतकं सांभाळलं असेल. मग 2022 च्या पाचव्या लाटेत 9 हजारांहून अधिक माणसं गेली, बहुतेक म्हातारी, बहुतेकांचं लसीकरण पूर्ण न झालेली. लस येऊन वर्ष झालं होतं. मग वृद्धाश्रमांपर्यंत ती का पोचली नाही? रुग्णालयाबाहेर थंडीत खाटांवर माणसं का झोपवावी लागली? जानेवारी 2021 मध्ये कौलूनमधल्या जॉर्डन या वस्तीतल्या गल्ल्या पहाटे घेरल्या, 7 हजार लोकांची तपासणी केली, 13 जण बाधित निघाले. तिथे दक्षिण आशियाई वस्ती दाट आहे. त्यांच्या एकत्र बसून खाण्याच्या सवयींवर जाहीरपणे बोट ठेवलं गेलं. एका खोलीत सहा जण का राहतात, हे मात्र कुणी विचारलं नाही.

माझी आई मे 2021 मध्ये नाशिकला वारली. भारतातून इकडे येणारी विमानं बंद होती. ती का बंद होती, ते मला समजतं, दोष द्यायचा नाही. अंत्यदर्शन मी फोनवर घेतलं.

आम्हा मराठी लोकांना साथ आणि सत्ता एकत्र आल्या की काय होतं, ते जुनं माहीत आहे. 1894 मध्ये प्लेग हाँगकाँगात होता, 1896 मध्ये मुंबईत पोचला; तो बहुधा इथूनच जहाजाने आला, असं मानतात. 1897 मध्ये पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरात घुसून झडत्या घेतल्या. पुण्याच्या आठवणीत उंदरांपेक्षा त्या झडत्या जास्त खोल रुतल्या. त्याच साली ‘केसरी’तल्या लेखनासाठी टिळकांना राजद्रोहाखाली 18 महिन्यांची सक्तमजुरी झाली. म्हणून 2024 मध्ये इथल्या दोन संपादकांना वसाहतकाळातल्या राजद्रोहाच्या कायद्याखाली शिक्षा झाली, तेव्हा तो शब्द मला परका वाटला नाही. आणि त्याचीच मला भीती वाटते. 2019 च्या जिल्हा निवडणुकीत 71 टक्के मतदान झालं होतं, 2023 मध्ये साडेसत्तावीस. रस्ते शांत आहेत, मान्य. पण माझ्या इमारतीच्या लिफ्टमध्येही माणसं आता हवामानापलीकडे बोलत नाहीत.

आयोग नेमा. अटक होऊन ज्यांच्यावर अजून आरोपही ठेवले गेलेले नाहीत, त्यांचा निकाल एकदाचा लावा. जॉर्डनच्या लोकांना साक्ष देता यावी म्हणून उर्दू, नेपाळी, हिंदीचे दुभाषी बसवा. परदेशी गेलेल्यांची साक्ष पत्राने घ्या आणि त्यापायी त्यांच्यावर काही कारवाई होणार नाही, असं लेखी द्या. माझ्यासाठी दुभाष्या नको. मुलीने मला कँटोनीज शिकवली आहे, तेवढी पुरेल.

ते झाड अजून माझ्या दारात आहे. यंदा त्याला अकरा फळं धरली.

कळावे,
हुंग हॉमची एक रहिवासी