चोंगचिंगहून पत्र

चोंगचिंग,
नोव्हेंबर, रविवार रात्र

प्रिय सुजे,

एकटी तिकडे दिवसभर काय करतेस, असं तू विचारलंस. जिने चढते. खरंच सांगते, या शहरात दुसरं फारसं काही करावं लागत नाही.

इथे तळमजला कुठला, हेच आधी विसरावं लागतं. ख्वेइशिंगलौ नावाची एक इमारत आहे. मी एका सपाट चौकात उभी होते, बाजूला रस्ता, दुकानं, सगळं नेहमीसारखं. कठड्यावरून वाकून पाहिलं तर खाली आणखी मजले आणि त्यांच्याही खाली दुसरा रस्ता! म्हणजे मी बाविसाव्या मजल्यावर उभी. नकाशातला ठिपका अगदी बरोबर जागी असतो, पण आपल्याला हवं ते दुकान तिथून दहा मजले खाली असतं. मग एखाद्या आजीला मोबाइलवरचं भाषांतर दाखवायचं. ती ते वाचतसुद्धा नाही. हाताला धरून एखाद्या दवाखान्याच्या लिफ्टपाशी नेते, बटण दाबते आणि निघून जाते. या चढउतारामुळे सायकली जवळजवळ दिसतच नाहीत. चीनमध्ये सायकल नसलेलं शहर, विचार कर!

तू ज्याचा व्हिडिओ पाठवला होतास ते लिझिबा स्टेशनही पाहिलं. दोन नंबरच्या लाइनची गाडी एकोणीस मजली इमारतीत घुसते, स्टेशन सहाव्या ते आठव्या मजल्यावर. इमारत फोडून रूळ घातले असतील असं मला वाटायचं, पण दोन्ही बरोबरच बांधलीत. स्टेशनचे खांब घरांच्या खांबांपासून वेगळे आहेत, आणि गाडी मोनोरेलची, रबरी चाकांवर चालणारी, त्यामुळे वर राहणाऱ्यांना हादरे जाणवत नाहीत म्हणे. खाली रस्त्यावर माणसं आ वासून उभी, गाडी गिळतोय असा फोटो काढायला. मी गाडीत बसून त्यांचे फोटो काढले.

होंगयातोंगला मात्र नाही गेलीस तरी चालेल. नदीकाठची ती सोनेरी दिव्यांची अकरा मजली माडी लाकडी आणि प्राचीन वाटते, पण उघडली 2006 मध्ये. पुलावरून बघितली की पुरे. त्यापेक्षा छाओथ्येनमनला जा. तिथे च्यालिंग नदी यांगत्सेला मिळते, आणि दोन्ही पाण्यांचे रंग बराच वेळ एकमेकांत मिसळत नाहीत.

आता तुमच्या सोलापूरची गोष्ट. जपानशी युद्ध चालू असताना चीनचं सरकार इथे हलवलेलं होतं. भारतातून गेलेल्या वैद्यकीय पथकातले पाचही डॉक्टर 1938 च्या अखेरीस इथेच येऊन थांबले होते आणि पुढच्या वर्षी इथून येनानला, कम्युनिस्टांच्या तळावर गेले. त्यांत तुमचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकरही होते. शाळेत आपण कोटणीसांवर निबंध लिहिले, पण ते या धुक्यातल्या चढांवरून चालले असतील असं कधी मनात आलं नव्हतं. 1938 ते 1943 पर्यंत या शहरावर बॉम्ब पडत होते. लोकांनी डोंगर पोखरून आसरे केले. 5 जून 1941 च्या रात्री अशाच एका बोगद्यात कोंडून, गुदमरून शेकडो माणसं मेली. ती जागा 'अठरा पायऱ्या' नावाच्या उताराजवळ आहे. आणि तसेच दुसरे काही बोगदे आता चक्क हॉटपॉटची, म्हणजे टेबलावरच्या उकळत्या रस्स्यात शिजवून खायची, हॉटेलं झालेत! मला आधी ते कसंसंच वाटलं. पण आत गेले, तर कुटुंबच्या कुटुंबं आरडाओरडा करत जेवत होती. दगडाच्या भिंतींचा छान गारवा होता. बोगद्याचं दुसरं काय करायला हवं होतं, हे मलाही सांगता येईना.

हॉटपॉट एकट्या माणसासाठी नाही गं. भांडं चौघांचं आणि खाणारी एक, वाढणारी पोरगी माझ्याकडे काळजीने बघत होती. रस्स्यात बैलाची चरबी असते, त्यामुळे तू शाकाहारी, तू त्या वाटेला जाऊच नकोस. पण त्यात जे मिरं असतं ना, जीभ बधिर करणारं, ते आपल्या तिरफळाचं सख्खं भावंड, एकाच कुळातलं. पहिला घास घेतला आणि वेंगुर्ल्याच्या बांगड्याची आठवण आली. फक्त आपली आई चार तिरफळं घालते, हे लोक मूठभर.

एकटीने फिरायची भीती सोड. रात्री अकराला मी जिन्यांवरून निर्धास्त चालले. अडचणी असतात त्या किरकोळच. गूगलचा नकाशा भरवशाचा नाही, व्हॉट्सअॅप इथल्या वायफायवर चालत नाही, आपल्या सिमचं रोमिंग असेल तर चालतं. पैसे सगळे मोबाइलवरून, भाजीवालीसुद्धा कोड पुढे करते, म्हणून अलीपे या पैसे द्यायच्या अॅपला कार्ड निघण्याआधी घरूनच जोड. मेट्रोत शिरताना दर वेळी पिशवी मशीनमधून जाते. पासपोर्ट सतत जवळ हवा, रेल्वेचं तिकीटसुद्धा त्याच्यावरच निघतं.

उद्या सकाळी छंगतूची गाडी आहे, दीडेक तासाचीच. तू मार्चचं नक्की केलंस की कळव, म्हणजे तुझ्यासाठी शाकाहारी जेवणाच्या जागा तिथेच शोधून ठेवते. आणि बूट घेऊन ये, चपला नको.

तुझी,
मीनल