आई, ते सगळे आपसात का भांडत होते?

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

परवा फोनवर बाबा म्हणाले, "पिक्चर पूर्ण बघितला, पण निम्मा वेळ कोण कोणाला मारतंय तेच कळेना." आणि आई, तू विचारलंस, सगळे एकाच बाजूचे, मग आपसात कशाला भांडतात? घाईत धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. सहा सुपरहिरो एकत्र येतात तो 'द अ‍ॅव्हेंजर्स' माझा फार जिव्हाळ्याचा सिनेमा आहे. माझ्याखातर तुम्ही तो शेवटपर्यंत बघितलात, फार बरं वाटलं.

बाबा, गोंधळ होणारच. हा आला २०१२ साली, पण त्याआधी २००८ ते २०११ मध्ये यातल्याच मंडळींचे पाच सिनेमे येऊन गेले होते. यातला खलनायक लोकी हा हातोडावाल्या थॉरचा मानलेला भाऊ, कॅप्टन अमेरिका जवळजवळ सत्तर वर्षं बर्फात गोठून पडलेला, हे ते बघितलेल्यांना ठाऊक असतं. नवख्याने काय करायचं? सुरुवातीचा बराच वेळ एकेकाला गाठून गोळा करण्यात जातो, तो मलाही रेंगाळल्यासारखा वाटतो. आणि त्या तिरंदाज हॉकआयवर तर अन्यायच झालाय. पहिल्या काही मिनिटांतच लोकी त्याच्या मनाचा ताबा घेतो. तो भानावर येतो तेव्हा निम्म्याहून जास्त सिनेमा संपलेला असतो, आणि हा माणूस एरवी कसा आहे हे आपल्याला कळलेलंच नसतं.

आता आई, तुझं भांडण. मला विचारशील तर सिनेमाचा सगळा जीव तिथेच आहे. उडत्या जहाजावरच्या प्रयोगशाळेतला प्रसंग आठव. सगळे एकमेकांवर तुटून पडलेत, आणि बोलता बोलता बॅनरच्या, म्हणजे रागावला की हल्क होणाऱ्या त्या शास्त्रज्ञाच्या, हातात लोकीचा मनं ताब्यात घेणारा राजदंड आलेला असतो. त्याला पत्ताच नाही! कॅप्टन त्याला तो खाली ठेवायला सांगतो, तेव्हा तो स्वतःच्याच हाताकडे बघतो. मारामारी नाही, स्फोट नाही, तरी माझ्या अंगावर काटा येतो. त्याच भांडणात कॅप्टन टोनीला, म्हणजे आयर्न मॅनला, सुनावतो, की दुसऱ्यासाठी जीव देणारा तू नव्हेस. शेवटी तोच टोनी अण्वस्त्र पाठीवर घेऊन शत्रूची फौज जिथून येते त्या आकाशातल्या भगदाडात एकटा शिरतो. झालेल्या बोलण्याची आठवण नंतर कोणी काढत नाही. लेखक-दिग्दर्शक जॉस व्हेडनने ते आपल्यावर सोडलंय, आणि म्हणूनच ते इतकं लागतं.

शत्रूची बाजू मात्र लंगडी आहे. एकटा लोकी सोडला तर ती परग्रहावरची चिटौरी फौज म्हणजे नुसती गर्दी. त्यांना ना चेहरा, ना काही म्हणणं. त्यांचं वरचं जहाज फुटताच खालचे सगळे एकदम कोसळतात. "एवढं सोपं होतं?" असं तू म्हणालीस ते अगदी बरोबर. हल्कचंही तसंच. आपल्या उडत्या जहाजावर तो आपल्याच माणसांवर धावून जातो, आणि न्यूयॉर्कमध्ये शहाण्यासारखा सांगितलेलं ऐकतो. मधे नेमकं काय बदललं, ते एका वाक्यात उरकून टाकलंय.

बाबा, पुन्हा लावलात तर शेवटच्या लढाईत एक जागा नीट बघा. सहाही जण रस्त्यात गोल करून उभे राहतात, आणि लगेच कॅप्टन कामं वाटून देतो: हॉकआय गच्चीवर, थॉर त्या भगदाडापाशी, टोनीने कडा सांभाळायच्या, तो स्वतः आणि गुप्तहेर ब्लॅक विडो जमिनीवर. एवढं लक्षात ठेवलंत की कोण कुठे आणि कशासाठी लढतंय ते पुढे चुकत नाही. थोड्या वेळाने कॅमेरा एकाकडून दुसऱ्याकडे असा सलग फिरतो, की कुठे तोडलंय ते दिसत नाही. दोन तास भांडलेली ही माणसं आता एकमेकांकडे न बघताही एकमेकांच्या मदतीला पोचतात.

आणि नावं सुरू झाली की तुम्ही टीव्ही बंद करता, तो या वेळी करू नका. अगदी शेवटी ते सगळे मोडक्या हॉटेलात एका टेबलाभोवती दमून बसलेत, खातायत, आणि कोणी एक शब्द बोलत नाही. आई, तो प्रसंग मला तुझ्याबरोबर बघायचाय. बघायला बसाल तेव्हा फोन करा, मीही इकडे लावते.

तुमची लेक