ती हार्मोनियम नव्हे, अकॉर्डियन!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या चित्रपटगीतांवरचा लेख आला होता. लेख चांगलाच होता, पण मी अडकलो छायाचित्रापाशी. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत वादकांची दाटी, आणि कडेला एक गृहस्थ छातीवर भलंमोठं वाद्य बांधून उभे. खाली ओळ छापली होती : 'हार्मोनियम वाजवताना वादक'. हे वाद्य अकॉर्डियन आहे. आमच्या ऑर्केस्ट्राच्या दिवसांत गावोगावचे लोक त्याला 'गळ्यातली पेटी' म्हणायचे, त्याचं कधी वाईट वाटलं नाही. छापील मजकुरातली चूक मात्र उद्या कुणीतरी पुरावा म्हणून दाखवतो.

घोटाळा का होतो ते समजतं. दोन्हींना पियानोसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, दोन्हींना भाता, आणि दोन्हींच्या पोटात हवेनं थरथरणारी धातूची पाती. संगीत नाटकातला ऑर्गनही याच गोतावळ्यातला. पण स्वभाव वेगळे. पेटीत हवा आतल्या भात्यात साठते, त्यामुळे सूर एकसारखा राहतो. अकॉर्डियनमध्ये साठा नाही. भाता जितक्या जोरानं ओढाल तितका सूर फुगतो, हात सैल सोडला की तिथल्या तिथे विरतो. एकच स्वर कुजबुजीपासून आरोळीपर्यंत नेता येतो, आणि तोही पट्टीवरचं बोट न हलवता. सारी करामत डाव्या मनगटाची.

त्या डाव्या हाताला आणखी एक काम असतं. मोठ्या अकॉर्डियनला त्या बाजूला 120 बटणं असतात, सहा आडव्या रांगांत. दोन रांगा खर्जाच्या एकेका स्वराच्या, बाकीच्या चार रांगांत एक बटण दाबलं की तीन-तीन स्वर एकदम वाजतात. वाजवणाऱ्याला यातलं एकही बटण दिसत नाही. 'सी' या पाश्चात्त्य स्वराच्या बटणाला बारीकसा खळगा असतो, तो बोटाला लागला की पुढचा सगळा नकाशा आपोआप उलगडतो. रंगमंचावर दिवे मालवले की मी आधी तो खळगा शोधायचो. अजूनही बसच्या दांडीवर हात ठेवला की मधलं बोट काहीतरी चाचपत असतं. बायको हसते.

व्हिएन्नात सिरिल डेमियन नावाच्या वाद्यकारानं 1829 मध्ये 'अकॉर्डियन' या नावाचं पेटंट घेतलं. एका पट्टीवर अख्खा स्वरमेळ, म्हणजे 'अकॉर्ड', वाजायचा म्हणून हे नाव. पियानोच्या पट्ट्या त्याला पुढे आल्या. नंतर जर्मनीत आणि इटलीत कारखाने उभे राहिले, पॅरिसच्या नाचघरांनी ते उचललं, आणि मुंबईच्या स्टुडिओंत ते पोचलं तेव्हा वाजवणारे बहुतेक पारशी आणि ख्रिस्ती होते. शास्त्रीय बैठकीत त्याला पाट मिळाला नाही, कारण मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, त्यातून निघत नाही. कबूल. पण मींड पेटीतूनही निघत नाही! त्याच कारणासाठी आकाशवाणीनं 1940 ते 1971 पेटीला दारात उभं केलं नव्हतं. तरी आपण मराठी माणसांनी पेटी सोडली नाही. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर ही नावं आपल्या वाचकांना पाठ आहेत. अकॉर्डियनवाल्याचं एक नाव विचारून पाहा.

मीच सांगतो. शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदात गुडी सिरवई होते. पुण्याचे इनॉक डॅनियल्स होते, त्यांच्या निव्वळ अकॉर्डियनवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या निघाल्या आणि घरोघरी वाजल्या. आणि केरसी लॉर्ड होते. 'आराधना' (1969) मधलं 'रूप तेरा मस्ताना' आठवा. त्यातलं ते ओढून घेणारं, जरा चावट अकॉर्डियन त्यांचं. गाण्यातून तेवढं काढून टाका आणि मग ऐकून बघा, काय उरतं ते. त्यांचे वडील कावस लॉर्ड तालवाद्यांतले दादा, भाऊ बर्जोर हेही वादक. गंमत म्हणजे हेच केरसी लॉर्ड आपल्या चित्रपटसंगीतात सिंथेसायझर आणणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी, आणि पुढे त्याच सिंथेसायझरच्या एका बटणात अकॉर्डियनचा आवाज जाऊन बसला. 2016 मध्ये ते गेले. आपल्या लेखात याच गाण्याचे गायक आले, संगीतकार आले, गीतकार आले, नायक-नायिकाही आले.

त्या बटणातल्या आवाजाविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. अकॉर्डियनमध्ये एकाच स्वरासाठी दोन-तीन पाती मुद्दाम किंचित वर-खाली लावतात. ती एकदम वाजली की सुरात लहर उठते. शिवाय भाता ओढताना एक पातं बोलतं, दाबताना त्याच्या पाठीला लावलेलं दुसरं. मोठ्या वाद्यात एकट्या उजव्या हाताच्या 41 पट्ट्यांमागे अशी 328 पाती असतात. कुठलीही दोन तंतोतंत सारखी नसतात, म्हणून भाता उलटला की कानाला कळतं. यंत्रातल्या आवाजाला भाता उलटणं ठाऊकच नाही.

या पात्यांनी मला एकदा भर स्टेजवर रडवलं आहे. मे महिना, सोलापूरचा कार्यक्रम, आणि मी शहाण्यानं वाद्य दुपारभर बंद टेम्पोत ठेवलं. पाती लाकडी पट्टीवर मेण आणि राळेच्या मिश्रणानं बसवलेली असतात हे मला माहीत होतं. सोलापूरच्या उन्हालाही ते माहीत होतं. रात्री पहिल्याच गाण्यात वरचे चार स्वर मुके, एक भुंग्यासारखा घोंघावतोय, आणि भाता हलवला की आत काहीतरी खुळखुळतंय. निवेदकानं प्रसंग निभावला, मी विंगेत जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी तिथल्या एका पेटीदुरुस्तीवाल्या चाचांनी वाद्य उघडलं, आत डोकावले आणि झाकण परत लावायला निघाले. म्हणाले, "ही पेटी नाही, मोहल्ला आहे." मग चहा झाला, आणि पळीत मेण वितळवून त्यांनी एकेक पातं जागेवर बसवलं, प्रत्येकाला आधी तोंडानं फुंकून, कानाशी धरून. संध्याकाळ झाली. पैसे घेतले ते फक्त मेणाचे.

असो. विनंती दोनच. छायाचित्राखालची ओळ पुढच्या रविवारी दुरुस्त करावी. आणि जुन्या गाण्यांवर पुन्हा लेख येईल तेव्हा वादकाचं नाव माहीत असेल तर तेही घालावं. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ही नावं सहसा आली नाहीत, त्यामुळे शोधावी लागतील, पण त्या पिढीबरोबर वाजवलेले काही लोक अजून आहेत. छायाचित्रातले गृहस्थ कोण, हे आपल्याकडच्या मूळ प्रतीच्या मागे लिहिलेलं असेल तर कृपया कळवा. मला चेहऱ्यावरून एक शंका आहे, पण भात्यानं अर्धा चेहरा झाकला आहे.

आपला,
एक निवृत्त अकॉर्डियनवाला, डोंबिवली